फोड उठवणारी औषधे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या औषधोपचारांवरील प्रश्नांपैकी त्वचेवर मुद्दाम फोड आणण्याच्या पद्धतीविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरे लहानमोठी झाली आहेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या उत्तरांचा बराचसा पाया त्यातच येतो.

प्रश्न : जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या अखेरच्या आजाराचे वर्णन वाचताना डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याला ‘स्पॅनिश माशीचे पलिस्तर’ लावल्याचा उल्लेख आढळला. हे पलिस्तर म्हणजे काय, आणि ज्याला श्वास घेणेही कठीण झाले आहे अशा माणसाच्या गळ्यावर ते लावण्यामागे कोणता विचार होता?

उत्तर : आधी नावाची दुरुस्ती करू. ही माशी नव्हे, हा भुंगेरा आहे. त्याचे शास्त्रीय नाव लिट्टा व्हेसिकेटोरिया. रंग पाचूसारखा हिरवा आणि चकाकता, लांबी साधारण दीड-दोन सेंटिमीटर. स्पेनचे नाव चिकटले असले तरी तो युरोपच्या मोठ्या भागात आढळतो आणि अ‍ॅश, लायलॅक, प्रिव्हेट अशा झाडाझुडपांची पाने खातो. पहाटेच्या गारठ्यात हे भुंगेरे सुस्तावलेले असतात, त्या वेळी झाडाखाली कापड अंथरून, तोंड आणि हात झाकून घेऊन, फांद्या झटकून ते गोळा केले जात, व्हिनेगरच्या वाफेवर मारले जात आणि वाळवून औषधविक्रेत्यांकडे पाठवले जात. वाळलेल्या भुंगेऱ्यांची पूड मेण, राळ आणि चरबी यांच्यात कालवून कापडावर किंवा मऊ चामड्यावर थापली, की पलिस्तर तयार होई.

ते आठ ते बारा तास त्वचेवर ठेवीत. प्रथम जळजळ, मग लाली आणि शेवटी पाण्याने टम्म भरलेला मोठा फोड. हा फोड खालच्या बाजूने कातरून पाणी काढून टाकीत आणि वर साधे मलम लावून जखम भरू देत. मात्र आजार चिवट वाटला, तर जखम भरू न देता तिच्यावर सॅव्हिन नावाच्या ज्युनिपर वर्गातील झुडपाचे दाहक मलम लावून ती दिवसेंदिवस वाहती ठेवली जाई. या प्रकाराला ‘कायमचा फोड’ असेच नाव होते. एवढ्या यातना रोगी का सोसत असे, हे समजायचे असेल तर त्या काळची शरीराची कल्पना डोळ्यांसमोर आणावी लागते.

ग्रीकांपासून चालत आलेल्या समजुतीनुसार शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव असतात आणि त्यांचा समतोल ढळला किंवा एखादा द्रव एखाद्या अवयवात साचला, की आजार होतो. (आपल्याकडील त्रिदोषांची इथे आठवण होणे स्वाभाविक आहे, पण दोन्ही कल्पनांची रचना वेगळी आहे, ती तुलना इथे नको.) साचलेला दूषित द्रव बाहेर काढण्यासाठी रक्त काढणे, वांती करवणे, रेचक देणे हे मार्ग होते, आणि जिथून थेट काढता येत नाही तिथला द्रव दुसरीकडे ओढून घेण्यासाठी फोड होता. छातीत पाणी झाले तर छातीवर, मेंदूला सूज आली असे वाटले तर मानेवर किंवा मुंडण केलेल्या डोक्यावर, तापात रोगी ग्लानीत गेला तर पोटऱ्यांवर पलिस्तर लावायचे. फोडात जमलेले पाणी डोळ्यांना दिसत असे, आणि आतले विष बाहेर आले याची खात्री रोग्याला आणि वैद्याला एकदमच पटत असे. मला वाटते, या उपचाराच्या दीर्घायुष्याचे खरे कारण हेच आहे. गोळी दिल्यावर पोटात काय होते ते दिसत नाही, फोड दिसतो. प्रत्यक्षात ते पाणी म्हणजे केशवाहिन्यांतून पाझरलेला रक्तातील द्रव असतो, आणि निरोगी माणसाच्या दंडावर पलिस्तर लावले तरी तो तितकाच जमतो.

आता वॉशिंग्टन यांच्याकडे येऊ. १४ डिसेंबर १७९९ रोजी पहाटे त्यांचा घसा सुजला, गिळणे आणि बोलणे कठीण झाले. त्या एका दिवसात त्यांचे चार वेळा रक्त काढण्यात आले, गळ्याला भुंगेऱ्यांचे पलिस्तर लावले गेले, पायांवरही फोड उठवण्यात आले, आणि रात्री त्यांचा मृत्यू झाला. स्वरयंत्रावरील झाकणाची तीव्र सूज हे कारण असावे, असे आज अनेक वैद्यांना वाटते. सूज गळ्याच्या आत होती. ती बाहेरच्या कातडीवर ओढून आणावी, हा त्या पलिस्तराचा हेतू होता. पायांवरच्या फोडांमागेही तोच विचार, फक्त ओढण्याची दिशा आणखी लांबची. त्या डॉक्टरांना निष्काळजी म्हणता येणार नाही. त्यांनी त्या काळच्या ग्रंथांत सांगितलेले सारे केले, आणि अडचण नेमकी तिथेच होती. त्याआधी दहा-अकरा वर्षे, १७८८-८९ च्या हिवाळ्यात, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला वेडाचा झटका आला तेव्हा त्याच्याही पायांवर असेच फोड आणले होते. ते चिघळले, राजा वेदनेने अधिकच अस्वस्थ झाला, आणि त्या अस्वस्थतेचे खापर पुन्हा वेडावरच फुटले.

भुंगेऱ्यांतील नेमका कोणता पदार्थ हे करतो, ते १८१० मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ पिएर रोबिके यांनी शोधले. त्यांनी वेगळ्या केलेल्या स्फटिकरूप द्रव्याला कँथॅरिडिन म्हणतात. ०.१ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही त्वचेवर फोड येऊ शकतो. त्वचेच्या बाह्य थरातील पेशी एकमेकींना बारीक टाक्यांसारख्या जोडांनी बांधलेल्या असतात. कँथॅरिडिन पेशींतील एका महत्त्वाच्या विकराचे (एन्झाइमचे) काम बंद पाडते, त्यातून हे जोड सुटतात, पेशी एकमेकींपासून विलग होतात आणि मधल्या पोकळीत द्रव भरतो. ही फाटाफूट बाह्य थरातच होत असल्यामुळे, जंतू शिरले नाहीत तर, फोड बरा झाल्यावर व्रण राहत नाही. भाजल्याच्या खोल जखमेपेक्षा हा फोड वेगळा ठरतो तो इथे.

त्वचेवर लावलेले सगळे त्वचेवरच राहत नाही, हे मात्र वैद्यांना लवकरच कळले होते. कँथॅरिडिनचा काही अंश रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडताना मूत्रमार्गाचा दाह करतो. मोठे पलिस्तर लावलेल्या रोग्याला दुसऱ्या दिवशी थेंब थेंब, रक्तमिश्रित आणि अतिशय वेदनादायक लघवी होई. त्यावर उपाय म्हणून पलिस्तर आणि कातडी यांच्यामध्ये पातळ कागद किंवा मलमल घालण्याची पद्धत पडली. उपचाराच्या त्रासावर असे उपाय शोधले गेले. उपचाराची गरज आहे का, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे कोणी गंभीरपणे घेतला नाही.

प्रश्न : दोन हजार वर्षे चाललेला उपचार पूर्णपणे निरुपयोगी असेल, हे मनाला पटत नाही. कोणाला तरी गुण येतच असेल ना?

उत्तर : येत असे, पण बहुधा वेदनेपुरता. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांमध्ये एक सूत्र आहे : शरीरात एकाच वेळी दोन ठिकाणी दुखत असेल तर जास्त दुखणारे कमी दुखणाऱ्याला झाकून टाकते. हे निरीक्षण खरे आहे. दातदुखीने हैराण झालेला माणूस स्वतःच्या हाताला चिमटा काढतो, तेव्हा तो नकळत हेच करत असतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार’ सिद्धांतानंतर अशा परिणामांचा मज्जारज्जूच्या पातळीवर विचार सुरू झाला : एका वाटेने आलेले संदेश दुसऱ्या वाटेने येणाऱ्या वेदनेच्या संदेशांना मेंदूपर्यंत जाण्यापासून अडवू शकतात. कंबरदुखी, सांधेदुखी, मांडीतून उतरणारी कळ अशा तक्रारींत फोडामुळे काही काळ बरे वाटल्याचे जुने अनुभव त्यामुळे खोटे ठरवण्याचे कारण नाही. दुखणे दबले म्हणजे सांधा बरा झाला असे मात्र नाही.

न्यूमोनिया, क्षय, मेंदूचे विकार यांची गोष्ट निराळी. तिथे परीक्षा घेतली ती पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई यांनी. त्यांनी रोग्यांची मोजदाद केली, कोणत्या दिवशी कोणता उपचार झाला आणि पुढे काय झाले याची कोष्टके मांडली. १८३५ च्या त्यांच्या पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकात रक्त काढण्याबरोबरच न्यूमोनियातील फोडांचाही उल्लेख आहे. रक्त काढण्याचा गुण समजला जातो त्यापेक्षा फार कमी असल्याचे त्यांना दिसले, आणि न्यूमोनियात फोडांचा लाभ तर त्यांना दिसलाच नाही. एवढ्याने प्रथा थांबली नाही. विसावे शतक उजाडले तरी अधिकृत औषधकोशांत या भुंगेऱ्यांना जागा होती.

त्या प्रथेच्या काही फांद्या तर चमत्कारिक होत्या. देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर यांनी १८२२ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, कृत्रिम पुरळ उठवून इतर रोग बरे करण्यावर एक पुस्तिका लिहिली. त्यासाठी त्यांचे साधन होते अँटिमनीच्या एका क्षाराचे मलम, ज्याने पाण्याच्या फोडांऐवजी पुवाच्या पुळ्या येतात. एक रोग दुसऱ्याला अडवतो हे त्यांनी देवीच्या बाबतीत सिद्ध केले होते. तोच न्याय त्यांनी पुळ्यांना लावला आणि तिथे तो लागू पडला नाही. जर्मनीत कार्ल बाउनशाइट यांनी १८४८ च्या सुमारास स्प्रिंगवर बसवलेल्या सुयांचे एक यंत्र काढले. सुयांनी कातडी टोचायची आणि वर दाहक तेल चोळायचे. डास चावल्यावर आपल्या हाताचा संधिवात कमी झाला, या अनुभवातून ही कल्पना सुचली असे ते सांगत.

जमालगोट्याचे तेलही अशा पुळ्यांसाठी चोळले जाई. त्याचे पुढे वेगळेच झाले. आयझॅक बेरेनब्लूम यांनी १९४१ च्या सुमारास उंदरांच्या कातडीवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की कर्करोगकारक द्रव्याची अल्प मात्रा आधी लावून नंतर हे तेल वारंवार लावले तर गाठींचे प्रमाण खूप वाढते. कर्करोगाची सुरुवात आणि त्याची वाढ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, ही समज पक्की होण्यात या तेलाचा मोठा वाटा आहे. जुन्या दाहक औषधांचा प्रयोगशाळेत इतका उपयोग झाला. रोग्यांना मात्र तो झाला नव्हता.

प्रश्न : हेच भुंगेरे कामोत्तेजक म्हणून प्रसिद्ध होते असे ऐकतो. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : तथ्य आहे ते विषबाधेपुरते. पोटात गेलेले कँथॅरिडिन लघवीवाटे बाहेर पडताना मूत्रमार्गाची आग करते, आणि त्या दाहामुळे पुरुषांत वेदनादायक व दीर्घकाळ टिकणारी ताठरता येऊ शकते. तिला इच्छेचे लक्षण समजण्यात आले. माणसाच्या मृत्यूला १० मिलिग्रॅमच्या आसपासची मात्राही पुरेशी होऊ शकते. रोमन लेखक प्लिनी याने एका सरदाराची हकिकत दिली आहे. कोसिनस नावाचा हा सरदार सम्राट नीरोचा मित्र होता. त्याला त्वचारोग झाला, नीरोने इजिप्तहून वैद्य मागवला, वैद्याने भुंगेऱ्यांचा काढा पाजला आणि रोगी दगावला. १७७२ मध्ये फ्रान्समध्ये मार्क्वी द साद याच्यावर असा माल घातलेल्या गोळ्या स्त्रियांना खाऊ घातल्याचा आरोप झाला, आणि न्यायालयाने तो हजर नसताना त्याला देहदंड सुनावला. (तो अमलात आला नाही.)

याच संदर्भात एक घटना सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात अल्जीरियातील फ्रेंच सैनिकांच्या काही तुकड्यांमध्ये नेमकी ही लक्षणे दिसली. औषध कोणीच घेतले नव्हते. सैनिकांनी बेडूक खाल्ले होते, आणि त्या बेडकांनी भुंगेरे खाल्ले होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस आयस्नर यांनी सुमारे शंभर वर्षांनंतर बेडकांना असे भुंगेरे खाऊ घालून पाहिले. बेडूक ठणठणीत राहिले आणि त्यांच्या शरीरात कँथॅरिडिन साठले. भुंगेऱ्याला स्वतःला हे विष कशासाठी लागते, याचेही उत्तर मिळाले आहे : नर ते तयार करतो, मीलनाच्या वेळी मादीला देतो, आणि मादी त्याने आपली अंडी माखते, म्हणजे कोणी ती खाऊ नये. वाळलेल्या चाऱ्यात असे भुंगेरे चिरडले गेले तर घोडे मरतात, हे अश्ववैद्य आजही बजावून सांगतात.

प्रश्न : बिब्ब्यानेही फोड येतात. तो याच प्रकारात बसतो का? आणि एकाला बिब्बा उततो, दुसऱ्याला काहीच होत नाही, असे का?

उत्तर : परिणाम सारखा दिसतो, वाट वेगळी आहे. कँथॅरिडिन कोणाच्याही कातडीवर पुरेसे लावले तर फोड येणारच. बिब्ब्याच्या काळ्या तेलातील लांब शेपटीची फिनॉलसारखी द्रव्ये थोडा दाह सर्वांनाच करतात, पण बिब्बा अंगभर उततो तो मुख्यतः अ‍ॅलर्जीमुळे. पहिल्या संपर्कात शरीराच्या संरक्षक पेशी त्या द्रव्याची ओळख लक्षात ठेवतात; पुढच्या संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी त्याच पेशी त्वचेवर हल्ला चढवतात. ज्याच्या शरीराने अशी ओळख ठेवलेली नाही तो निर्धास्त फिरतो, आणि ज्याच्या शरीराने ती ठेवली आहे त्याला पुसटसा स्पर्शही पुरतो. उत्तर अमेरिकेतील पॉयझन आयव्ही ही वेल आणि काजूच्या टरफलातील तेल हे बिब्ब्याच्याच कुळातले, आणि त्यांची करामतही अशीच.

जुन्या वैद्यांना त्याचा स्वभाव नीट माहीत होता. संस्कृतात बिब्ब्याला भल्लातक म्हणतात, आणि ‘अरुष्कर’ असे त्याचे दुसरे नाव आहे, म्हणजे व्रण करणारा. चरकसंहितेने त्याला तीक्ष्ण आणि अग्नीसमान म्हटले आहे, आणि तरीही रसायन, म्हणजे बळ वाढवणारे औषध, म्हणून त्याचा प्रयोग सांगितला आहे. विटेच्या चुऱ्यात चोळून त्याचे तेल कमी करण्याची शोधनाची (शुद्ध करण्याची) रीत त्यासाठीच आहे. कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार मराठीने उगाच घडवलेला नाही. इथे वाचकांना एवढेच सांगतो, की युरोपातील पलिस्तरात फोड हाच उद्देश होता, तर भल्लातकाच्या पोटात घेण्याच्या प्रयोगांत फोड येणे हा बिघाड मानला जाई. दोन्हींना एकाच माळेत ओवू नये. आणि हा प्रयोग घरी करण्याचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मोहरीचे पलिस्तर आणि पहिल्या महायुद्धातील मस्टर्ड वायू यांचा काही संबंध आहे का?

उत्तर : फक्त नावाचा. मोहरी वाटून पाण्यात कालवली की तिच्यातील एक विकर दुसऱ्या घटकावर क्रिया करतो आणि झणका आणणारे तेल तयार होते. पाणी कढत असेल तर विकरच मरतो आणि मोहरी निष्प्रभ होते, म्हणून जुन्या पुस्तकांत कोमट पाणी घ्यायला सांगितले आहे. कातडी लाल झाली की हे पलिस्तर काढायचे असते. विसरले तर फोड येतो, आणि तो भुंगेऱ्याच्या फोडापेक्षा हळू भरतो.

मस्टर्ड वायूत मोहरी अजिबात नाही. तो गंधक आणि क्लोरीनयुक्त तेलकट द्रव आहे, आणि अशुद्ध स्वरूपात त्याला मोहरीसारखा किंवा लसणासारखा वास येतो म्हणून ते नाव पडले. जर्मन सैन्याने तो जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे प्रथम वापरला. लागताक्षणी काही जाणवत नाही, फोड काही तासांनी येतात, आणि तोवर तो पेशींच्या डीएनएला बांधला गेलेला असतो. विभागून वाढणाऱ्या पेशींवरचा हाच घाव पाहून त्याचा नायट्रोजनयुक्त भाऊबंद १९४२ मध्ये येल विद्यापीठात लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर देऊन पाहण्यात आला, आणि रसायनोपचाराची सुरुवात त्यातून झाली.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर मोत्यासारखे बारीक फोड आले आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी मोलस्कम असे निदान करून त्यावर कँथॅरिडिन लावण्याचा पर्याय सुचवला. इतके जुने आणि विषारी औषध मुलांना कसे देतात?

उत्तर : मोलस्कम हा त्वचेच्या बाह्य थरात राहणारा विषाणूजन्य संसर्ग आहे, आणि कँथॅरिडिन फोड उठवते तेही नेमके त्याच थरात. गाठीखाली फोड आला, की गाठ वर उचलली जाऊन त्वचेपासून सुटते आणि व्रण सहसा राहत नाही. लावताना दुखत नाही, हा लहान मुलांच्या बाबतीत मोठा फायदा आहे. आग होते ती नंतर. पलिस्तराशी तुलना करायची तर इथे फोड उठवायचा असतो तो रोगाच्याच जागी, टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यावर आणि मोजलेल्या मात्रेत. आतले काही ओढून काढण्याचा हेतू त्यात नाही.

अमेरिकेत १९६२ च्या नव्या नियमांनंतर उत्पादकांनी परिणामकारकतेचा पुरावा सादर न केल्यामुळे हे औषध अधिकृत यादीतून गेले होते, तरी त्वचारोगतज्ज्ञ ते तयार करवून वापरतच राहिले. नियंत्रित चाचण्या झाल्यावर जुलै २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ०.७ टक्के द्रावणाला दोन वर्षे आणि त्यापुढील वयाच्या रुग्णांसाठी मान्यता दिली. ते दवाखान्यातच, प्रशिक्षित व्यक्तीने लावायचे असते, आणि २४ तासांनी साबणपाण्याने धुवायचे असते. त्याआधी फार आग झाली किंवा मोठा फोड आला तर लगेच धुवावे. डोळ्यांजवळ आणि ओठांवर ते लावत नाहीत. औषध धुवेपर्यंत मुलीने ती जागा चाटू नये, चावू नये आणि तोंडाला लावू नये, याकडे लक्ष द्या. मोलस्कम बहुतेक मुलांत काही महिन्यांनी, क्वचित त्याहून उशिरा, आपोआप जातो. त्यामुळे काहीच न करता थांबणे हाही एक रास्त पर्याय आहे, आणि तो तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.